वाचकांचे प्रश्न : कच्चे पान आणि त्याला लागलेले पाणी

गेल्या अंकातील एका टिपणात ‘कच्ची खायची पाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत, म्हणजे काळजीचे कारण उरत नाही’ असे एक वाक्य छापून गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : तीन-तीन वेळा धुतलेल्या, पाकीटबंद पानांमुळेही शेकडो माणसे आजारी पडल्याचे मी वाचले आहे. तसे असेल, तर धुण्याला काही अर्थ उरतो का?

उत्तर : अर्थ उरतो, पण आपण समजतो तेवढा नाही. ‘काळजीचे कारण उरत नाही’ हे आमचे शब्द चुकीचेच होते, हे आधी मान्य करतो.

वाहत्या पाण्याने माती, बारीक किडे आणि पानावर सैल बसलेले जिवाणू निघून जातात. प्रयोगशाळेत मोजले असता साध्या धुण्याने दहांतले नऊ आणि फार झाले तर शंभरांतले नव्याण्णव जिवाणू कमी झालेले दिसतात. परीक्षेत शंभरांपैकी नव्याण्णव गुण म्हणजे उत्तम यश. येथे मात्र किती गेले यापेक्षा किती उरले याला महत्त्व असते. पालेभाज्यांच्या संदर्भात ज्याचे नाव वारंवार येते, त्या ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूच्या बाबतीत शंभराहूनही कमी जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. एखाद्या ताटलीभर पानांवर असे दहा हजार जिवाणू असतील आणि धुण्याने त्यांतले नव्याण्णव टक्के गेले, तरी मागे शंभर उरतात.

उरलेले निघत नाहीत, याचे कारण पानाच्या रचनेत आहे. पानावर श्वसनासाठी असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात, शिरांच्या कडेने खाचा असतात आणि कापलेल्या कडेतून पाझरणारा रस जिवाणूंना अन्न आणि आसरा असे दोन्ही पुरवतो. तेथे जिवाणू चिकट थर करून बसले की पाणी त्यांच्यावरून नुसते वाहून जाते. काही जिवाणू कापलेल्या कडांतून आणि रंध्रांतून आतही शिरतात आणि मग वरून काहीही ओतले तरी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मीठ, व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा यांविषयी बऱ्याच वाचकांनी विचारले आहे. व्हिनेगरने जिवाणूंची संख्या काहीशी आणखी घटते, पण पान निर्जंतुक होत नाही, आणि सोड्याचा जो उपयोग सांगितला जातो तो मुख्यतः कीटकनाशकांच्या अंशांसाठी आहे, जिवाणूंसाठी नाही. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव कधीही वापरू नये, कारण ते पानात मुरून पोटात जाते.

कारखान्यात पाने क्लोरीनयुक्त पाण्यात धुतली जातात. त्या क्लोरीनचे मुख्य काम पान निर्जंतुक करण्याचे नसून, एका पानावरची घाण त्याच हौदातील दुसऱ्या हजार पानांना लागू नये म्हणून पाणी स्वच्छ राखण्याचे असते. पाण्यात माती आणि पानांचा रस वाढत गेला की क्लोरीन त्यातच खर्ची पडते, आणि मात्रा वेळोवेळी राखली नाही तर धुण्याचा हौदच प्रसाराचे साधन होतो. एका वाफ्यातील थोडी पाने हजारो पाकिटांत वाटली जातात ती अशी. असे असले तरी ‘धुतलेले, थेट खाण्यास तयार’ असे छापलेले पाकीट घरी पुन्हा धुण्याची शिफारस केली जात नाही. त्या धुण्याने फारसे काही साधत नाही आणि घरच्या मोरीतली किंवा चिरण्याच्या फळीवरची घाण मात्र लागू शकते.

हे जिवाणू खात्रीने मारणारी एकच पायरी आहे आणि ती म्हणजे शिजवणे. पान आतपर्यंत सत्तर अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि काही क्षण तेथे राहिले, की प्रश्न मिटतो. शिजवलेला पालक कधी मोठ्या उद्रेकाचे कारण ठरल्याचे ऐकू येत नाही, ते यामुळेच.

प्रश्न : ई. कोलाय तर निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो. मग याच जिवाणूची एवढी भीती का?

उत्तर : नाव एक असले तरी कुळे अनेक आहेत. आपल्या आतड्यातले बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी असतात. ओ१५७ हा प्रकार ‘शिगा’ नावाचे विष तयार करतो. १९८२ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन आणि मिशिगन या राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेल्या लोकांना रक्ती जुलाब झाले, तेव्हा हा प्रकार आजाराचे कारण म्हणून प्रथम ओळखला गेला. म्हणून बरीच वर्षे तो मांसातून येणारा जिवाणू मानला गेला. आता अमेरिकेत या जिवाणूमुळे होणाऱ्या आजारांपैकी निम्म्याहून अधिक आजारांचे मूळ पालेभाज्यांच्या गटात असल्याचा तेथील यंत्रणांचा अंदाज आहे.

याचे मुख्य घर म्हणजे गुरांचे आतडे. गंमत अशी की गुरांना त्याचा त्रास होत नाही. हे विष ज्या रेणूला चिकटून रक्तवाहिनीत शिरते, तो रेणू गुरांच्या रक्तवाहिन्यांत नसतो. माणसाच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत मात्र तो भरपूर असतो. त्यामुळे हा जिवाणू बाळगणारे जनावर पूर्ण निरोगी दिसते, आणि त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही.

प्रश्न : पालक किंवा लेट्यूस ही तर वनस्पती. गुरांच्या आतड्यातला जिवाणू पानावर येतो कसा? यात शेतकऱ्याची हयगय असते, असे समजावे का?

उत्तर : बहुतेक वेळा तो पाण्यावाटे येतो, आणि ‘हयगय’ हा शब्द वापरण्यापूर्वी पुढील तीन घटना पाहाव्यात.

पहिली २००६ सालची. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील २६ राज्यांत पाकीटबंद कोवळ्या पालकामुळे १९९ जण आजारी पडल्याची नोंद झाली. त्यांपैकी १०२ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, ३१ जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. १४ सप्टेंबरला तेथील अन्न व औषध प्रशासनाने पाकीटबंद ताजा पालक खाऊच नका, असे साऱ्या देशाला सांगितले. माग काढत तपास कॅलिफोर्नियातील सान बेनिटो परगण्यातल्या एका शेतापर्यंत पोहोचला. रुग्णांमध्ये सापडलेला नेमका तोच उपप्रकार जवळच्या कुरणातील गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि नदीच्या पाण्यात मिळाला. गुरे शेतात नव्हती. ती तेथून मैलभराच्या आतल्या अंतरावर चरत होती. डुकरांनी घाण शेतात आणली, की पाण्याने, याचा निर्णायक उलगडा मार्च २००७ च्या अंतिम अहवालातही होऊ शकला नाही.

दुसरी घटना २०१८ च्या वसंतातली, ॲरिझोनातील यूमा भागातली. रोमेन या लांब पानांच्या लेट्यूसमुळे ३६ राज्यांत २१० जण आजारी पडले, २७ जणांची मूत्रपिंडे बाधित झाली, पाच जण दगावले. माग काढणाऱ्यांना एक शेत सापडेना. सापडली ती अनेक शेते, आणि एकाच शेताकडे बोट दाखवता येईना. दूर अलास्कातील नोम या गावच्या तुरुंगात काही कैदी आजारी पडले होते. त्यांना दिलेले लेट्यूस अखंड गड्ड्याचे होते आणि ते एकाच शेतातून आले होते, एवढाच एक धागा स्पष्ट होता. बाकीचे रुग्ण चिरून पाकीटबंद केलेले लेट्यूस खाणारे होते, आणि त्या पाकिटांत अनेक शेतांचा माल मिसळलेला होता. या सर्व शेतांत समान काय, असे शोधता शोधता तपास सिंचनाच्या कालव्याशी आला. कालव्याच्या पाण्यात तोच जिवाणू मिळाला. कालव्याचा काही मैलांचा भाग एक लाखाहून अधिक गुरे ठेवण्याची क्षमता असलेल्या एका पशुपालन केंद्राला लागून जात होता. हे पाणी पानावर आले ते कदाचित सिंचनातून नव्हे, तर कीटकनाशकाची फवारणी करण्यासाठी औषध त्यात मिसळल्यामुळे आले असावे, असा एक तर्क अहवालात मांडला आहे. पाणी मुळाशी सोडले काय आणि पानावर शिंपडले काय, यातला फरक येथे लक्षात येतो.

तिसरी घटना त्याच वर्षाच्या शेवटची. २० नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे अमेरिकेतील मोठ्या सणाच्या दोनच दिवस आधी, सर्व प्रकारचे रोमेन लेट्यूस टाकून देण्याचा सल्ला दिला गेला. १६ राज्यांत ६२ रुग्ण झाले होते. या वेळी जिवाणू सापडला तो कॅलिफोर्नियातील सान्ता बार्बरा परगण्यातल्या एका शेततळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळात. 

या तिन्ही घटनांत शेतकऱ्याने डोळ्यांदेखत काही भयंकर केले, असे दिसत नाही. गुरे आणि पालेभाजी एकाच पाण्यावर, एकाच खोऱ्यात, एकमेकांच्या इतक्या जवळ वाढवण्याची व्यवस्था हीच मुळात सदोष आहे, आणि तिची जबाबदारी एकट्या भाजीवाल्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालणे आम्हाला योग्य वाटत नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील पालेभाजी उत्पादकांनी आपसात एक करार करून मोठ्या पशुपालन केंद्रापासून शेत किमान ४०० फूट दूर असावे, असे ठरवले होते. यूमाच्या अनुभवानंतर ते अंतर १,२०० फुटांवर नेले आणि ८०,००० हून अधिक गुरे असतील तर एक मैल केले. कापणीपूर्वीच्या २१ दिवसांत उघडे, भूपृष्ठावरील पाणी प्रक्रिया केल्याशिवाय पानांवर शिंपडू नये, असाही नियम आला. अंतराचा एक आकडा अपुरा पडला म्हणून दुसरा घेतला, असे याचे स्वरूप आहे. वारा, पूर आणि रानडुकरे यांना फूटपट्टी कळत नाही.

अमेरिकेचा अन्नसुरक्षा आधुनिकीकरण कायदा जानेवारी २०११ मध्ये संमत झाला, पण शेतीच्या पाण्यासंबंधीचा त्यातला भाग इतका वादात अडकला की त्याची सुधारित नियमावली मे २०२४ मध्ये आली. तिच्यात पाण्याच्या नमुन्यांत अमुक इतकेच जिवाणू चालतील, असा एकच ठरीव आकडा नाही. शेतकऱ्याने दर वर्षी आपल्या पाण्याचा उगम, त्याचा मार्ग, शेजारची जमीन आणि हवामान पाहून धोक्याचे मूल्यमापन करावे, अशी तिची पद्धत आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला कुणाची गुरे बसतात हे पाहणे हे आठवड्यातून एकदा बाटलीभर पाणी तपासण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे आहे, असे आमचे मत आहे; अर्थात ते पाहिल्यावर शेतकऱ्याने शेजाऱ्याचे काय करायचे, याचे उत्तर नियमावलीत नाही.

प्रश्न : मी शेणखतावर भाजीपाला करतो. सेंद्रिय पालेभाजी या बाबतीत अधिक सुरक्षित म्हणावी का?

उत्तर : रासायनिक अंशांच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे; जिवाणूंच्या दृष्टीने ‘सेंद्रिय’ हा शब्द कोणतीही हमी देत नाही. जिवाणूला खताचे प्रमाणपत्र वाचता येत नाही.

कच्चे शेण आणि पूर्ण कुजलेले खत यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओ१५७ कच्च्या शेणात आणि मातीत कित्येक आठवडे, प्रसंगी महिने जगतो. म्हणून अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांत, ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याच्या कापणीपूर्वी कच्चे शेण घालून किमान १२० दिवस आणि इतर पिकांसाठी ९० दिवस जावे लागतात. कंपोस्टाच्या ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले पाहिजे. बंदिस्त किंवा हवा खेळवलेल्या ढिगात तीन दिवस, उघड्या लांबट ढिगात पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा ढीग उलटा-पालटा करणे, असा तेथला दंडक आहे. आपल्याला एकच सुचवावेसे वाटते : ढीग गरम झाला की नाही हे हाताने न पाहता लांब दांड्याच्या तापमापकाने, ढिगाच्या मध्यभागी पाहावे, आणि कडेचे थंड राहिलेले खत मध्यात यावे म्हणूनच उलटायचे असते, हे ध्यानात ठेवावे. कुजलेल्या खताच्या शेजारी कच्च्या शेणाचा ढीग ठेवून दोन्हींना एकच फावडे वापरले, तर सारी मेहनत वाया जाते.

प्रश्न : मातीविना, बंदिस्त हरितगृहात वाढवलेली पाने तरी निर्धोक असतील ना?

उत्तर : धोका कमी होतो, संपत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बंदिस्त हरितगृहात पिकवलेल्या सॅलडच्या पानांमुळे चार राज्यांत ३१ जणांना साल्मोनेला या जिवाणूची बाधा झाली. तपासात तोच उपप्रकार हरितगृहालगतच्या, पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यात मिळाला. भिंत काचेची असली तरी पाणी बाहेरूनच येते.

प्रश्न : पानांपेक्षा कच्चे मोड अधिक धोक्याचे, असे एका डॉक्टरांनी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. बियांना मोड आणण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंना वाढायला लागते. बीवर मूठभर जिवाणू असले, तर दोन-तीन दिवसांत ते कोट्यवधी होतात. पानावर जिवाणू बहुधा नुसता बसून असतो. मोडांत तो वाढवला जातो.

याची सर्वांत जबर किंमत जर्मनीने मोजली. २०११ च्या मे ते जुलै या काळात तेथे ई. कोलाय ओ१०४ या, आधी क्वचितच दिसलेल्या प्रकारामुळे ३,८१६ जण आजारी पडले, ८४५ जणांची मूत्रपिंडे बाधित झाली आणि ५४ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक रुग्ण प्रौढ होते आणि त्यांत स्त्रिया अधिक होत्या, हे नेहमीच्या अनुभवाला सोडून होते. मे महिन्याच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवले. काकड्यांवर सापडलेला जिवाणू वेगळाच निघाला, पण तोवर स्पेनचा माल सडून गेला होता; उत्पादकांना भरपाई म्हणून युरोपीय संघाला २० कोटी युरोंहून अधिक रक्कम द्यावी लागली. १० जूनला खरे कारण जाहीर झाले : लोअर सॅक्सनीतील एका शेतावर तयार झालेले मोड. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ याच जिवाणूचे रुग्ण आढळले, आणि दोन्हींचा धागा इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांच्या एका खेपेशी जुळला.

हे इतके उशिरा का कळले, याचेही एक कारण आहे. मोड हे पदार्थावर वरून भुरभुरलेले असतात. ‘काय खाल्ले’ असे विचारले की माणूस काकडी, टोमॅटो, लेट्यूस सांगतो. चिमूटभर मोड त्याच्या लक्षात राहत नाहीत. लहान मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांनी मोड शिजवूनच खावेत.

प्रश्न : उद्रेक झाला की यंत्रणा कंपनीचे नाव का सांगत नाहीत? आणि इशारा मिळतो तोही इतक्या उशिरा की त्याचा उपयोगच होत नाही.

उत्तर : तक्रारीचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण त्यात दोष कमी आणि अडचण जास्त आहे. दूषित पान पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन-चार दिवस जातात. रुग्ण डॉक्टरांकडे जातो, शौचाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, तेथे जिवाणू वाढवून ओळखला जातो, मग त्याच्या जनुकांचा आराखडा काढून तो देशातील इतर रुग्णांच्या जिवाणूंशी ताडून पाहिला जातो. माणूस आजारी पडल्यापासून तो एका विशिष्ट उद्रेकातला आहे हे ठरेपर्यंत तीन ते चार आठवडे उलटतात. पान मात्र साधारण दोन-तीन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही. यूमाच्या उद्रेकाचा इशारा १३ एप्रिल २०१८ ला दिला गेला आणि त्या भागातली कापणी १६ एप्रिलला संपलीच. अमेरिकेत १९९६ पासून प्रयोगशाळांचे यासाठी एक जाळे आहे आणि २०१९ पासून त्यात संपूर्ण जनुकीय आराखडा वाचण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीमुळे अचूकता खूप वाढली. आठवड्यांचा हिशेब मात्र फारसा आखडलेला नाही, कारण वेळ जातो तो यंत्रात नव्हे, तर माणूस डॉक्टरांकडे जाईपर्यंत आणि नमुना टपालातून पोहोचेपर्यंत.

नाव सांगण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. स्पेनच्या काकड्यांचे उदाहरण वर आलेच आहे. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलांना ओ१५७ ची बाधा झाली, तेव्हा मुळ्याच्या मोडांवर संशय व्यक्त करण्यात आला आणि त्यांचा बाजारच बसला. लोकांचा विश्वास परत यावा म्हणून तेव्हाचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांना छायाचित्रकारांसमोर ते मोड खाऊन दाखवावे लागले. उत्पादक पुढे सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. अशा अनुभवांमुळे यंत्रणा कचरतात, हे समजण्यासारखे आहे.

पण कचरण्यालाही मर्यादा असावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील १५ राज्यांत रोमेन लेट्यूसशी जोडलेल्या उद्रेकात ८९ जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. तपास संपला तरी अन्न व औषध प्रशासनाने उत्पादकाचे नाव जाहीर केले नाही. दूषित माल बाजारात उरलेला नाही, त्यामुळे ग्राहकाला सांगण्यासारखे काही नाही, असे यामागचे कारण दिले गेले. आम्हाला हे पटत नाही. नाव कळल्याने कालचे लेट्यूस परत येत नाही, हे खरे. पण पुढच्या हंगामात कुणाकडून माल घ्यावा हे घाऊक खरेदीदाराने ठरवायचे, तर त्याला ते नाव कळले पाहिजे. तपास चालू असताना संशयितांची नावे न घेणे आणि तपास पूर्ण झाल्यावरही न घेणे, या दोन गोष्टींना एकाच सावधगिरीचे नाव देता येणार नाही.

प्रश्न : मी एक उपाहारगृह चालवतो. पालेभाज्यांतून होणारे सगळे आजार ई. कोलायचेच असतात का? शेतातले माझ्या हाती नाही. माझ्या हाती काय आहे?

उत्तर : आपल्या हाती बरेच आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९८ ते २००८ या काळातील उद्रेकांच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार अन्नातून होणाऱ्या आजारांपैकी २२ टक्के पालेभाज्यांशी निगडित होते, आणि इतर कोणत्याही एका अन्नगटाचा वाटा इतका नव्हता. यांतला मोठा हिस्सा नोरोव्हायरस या विषाणूचा होता, आणि तो शेतातून कमी आणि पाने चिरणाऱ्याच्या हातातून जास्त येतो. उलट्या-जुलाब होत असलेला कामगार पानांना हात लावता कामा नये, आणि लक्षणे थांबल्यावरही किमान दोन दिवस त्याला त्या कामापासून दूर ठेवावे. त्या दोन दिवसांचा पगार कापला जाणार असेल तर तो आजार लपवणार, हे मालकाने स्वतःला प्रामाणिकपणे सांगावे. हात साबण-पाण्याने धुवावेत. अल्कोहोलचे द्रव या विषाणूवर फारसे चालत नाही.

चिरलेली पाने पाच अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली ठेवावीत. अखंड गड्डा आणि चिरलेले पान यांत फरक आहे : चिरले की रस सुटतो आणि ऊब मिळाल्यास जिवाणू वाढू लागतात. कच्च्या मांसाची फळी, सुरी आणि शीतकपाटातील जागा पानांपासून वेगळी असावी.

लिस्टेरिया हा जिवाणू शीतकपाटातल्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गर्भवतीला झाल्यास गर्भपाताची भीती असते. म्हणून थंड ठेवलेले पाकीटही मुदतीनंतर वापरू नये. सायक्लोस्पोरा या परजीवीचे उद्रेक कोथिंबीर आणि मिश्र सॅलड यांच्याशी जोडले गेले आहेत. तो क्लोरीनला दाद देत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला जुलाबातून रक्त पडू लागले तर घरी असलेले जुलाब थांबवणारे औषध द्यावे का?

उत्तर : देऊ नये. रक्त दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि शौचाची तपासणी करण्याविषयी विचारावे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांनी विष आतड्यात अधिक काळ राहते, आणि ओ१५७ च्या बाधेत प्रतिजैविकांनी गुंतागुंत वाढू शकते, म्हणून घरात उरलेल्या गोळ्याही स्वतःहून देऊ नयेत. ओ१५७ ची बाधा झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांना हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम हा मूत्रपिंडांचा विकार होतो. पाच वर्षांखालील मुलांत तो अधिक दिसतो. फसवे असे की तो जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने, जुलाब कमी होऊन मूल बरे वाटू लागले असतानाच डोके वर काढतो. लघवी कमी होणे, चेहरा पांढुरका पडणे, विलक्षण थकवा आणि अंगावर सूज यांतले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आजारपणानंतर आरोग्य खात्यातून फोन आला आणि दोन आठवड्यांपूर्वी काय काय खाल्ले ते विचारले. कुणाला आठवते? अशा चौकशीतून काही निष्पन्न होते का?

उत्तर : आठवत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून शंभर जणांना तेच प्रश्न विचारतात आणि निरोगी माणसांच्या उत्तरांशी ताडून पाहतात. आजाऱ्यांपैकी ऐंशी जण एक पदार्थ सांगतात आणि निरोगी लोकांत तो वीस जणच खातात, एवढे दिसले तरी दिशा मिळते. खरेदीच्या पावत्या असतील तर स्मरणशक्तीवर भार पडत नाही.

त्याहून मोलाचे असते ते उरलेले पाकीट. २००६ च्या पालकाच्या उद्रेकात रुग्णांच्या घरच्या शीतकपाटांतून तेरा पाकिटे मिळाली, ज्यांत तो जिवाणू जिवंत सापडला. त्यांतल्या बहुतेकांवर ‘पी२२७ए’ असा सांकेतिक क्रमांक होता. २२७ म्हणजे वर्षातला दोनशे सत्ताविसावा दिवस, अर्थात १५ ऑगस्ट. त्या एका दिवशी कारखान्यात कोणत्या शेतांचा पालक आला होता हे नोंदींत पाहिल्यावर, साऱ्या देशाचा शोध चार शेतांपर्यंत आला. तेव्हा घरात कुणी असे आजारी पडले, तर उरलेली पाने पाकिटासकट दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधून, ‘खाऊ नये’ असे लिहून शीतकपाटाच्या एका कोपऱ्यात ठेवावीत, आणि छापलेल्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे.